बाहेरचं

आमच्या आजीच्या दंडावर दोन गोल खुणा होत्या. जुन्या चार आण्याएवढ्या, मध्ये जरा खोलगट. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत विचारायचो, हे काय आहे? ती म्हणायची, "देवी काढल्या होत्या." मला वाटायचं, मेंदी काढतात तशी कुणीतरी तिच्या दंडावर देवी काढली असणार आणि पुढे पुसत पुसत ती एवढीच उरली असणार. ती लशीची खूण होती, आणि देवी हा एक रोग होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. रोगाला देवी का म्हणायचं, हे त्याहून उशिरा.

आमचं घर नाशकात पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर. घरात आजीचे बोलण्याचे नियम होते. दिवेलागण झाल्यावर सापाला साप म्हणायचं नाही. 'जनावर' म्हणायचं, फार तर 'लांबडं'. बांगडी कधी फुटत नसे, ती 'वाढत' असे. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. घरातून निघताना कुणी "जातो" म्हणालं की ती त्याला परत आत बोलवायची. शाळेच्या सहलीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवत उभी होती, त्या दिवशीही मला चप्पल काढून आत येऊन, पाणी पिऊन, "येतो" म्हणून मगच निघावं लागलं होतं.

भूत हा शब्द तर तिच्या तोंडी कधीच नसे. शेजारच्या एका मुलीला ताप चढून ती असंबद्ध बडबडायला लागली, तेव्हा आजी आईला हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरचं औषध चालू दे त्यांचं, पण मला हे बाहेरचं दिसतंय."

बाहेरचं. बाहेरचं काय? पुढे नामच नाही. विशेषण येतं आणि वाक्य संपतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला नेमकं नाव द्यावं लागतं; नाव दिल्याशिवाय ती गोष्ट वापरता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. आजीचा नियम नेमका उलटा होता. तिच्या लेखी नाव घेणं म्हणजे बोलावणं. मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या भीतीबद्दल विचार करताना मला वाटत आलंय की तिच्या मुळाशी हा नियम आहे. भीतीची भाषा म्हटली की आपल्याला उपमा आठवतात: काळाकुट्ट अंधार, बर्फासारखा हात, अंगावर सरसरून आलेला काटा. पण उपमेच्या आधी, आणि उपमेपेक्षा खोल, नाव टाळण्याची ही सवय आहे. आणि नाव टाळताना मराठीने जो शब्द सर्वांत जास्त वापरला, तो 'बाहेर'.

*

धोकादायक गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही. रशियन भाषेत अस्वलाचा शब्द मुळात 'मध खाणारा' अशा अर्थाचा आहे. त्या प्राण्याचं जुनं नाव लोकांनी इतकं टाळलं की ते त्या भाषेतून गेलंच, टोपणनाव उरलं.

आपल्याकडे रोगांच्या बाबतीत तेच झालं. अंगावर फोड उठवणारा, डोळे घेणारा, लहान मुलं नेणारा रोग म्हणजे 'देवी'. तो होत नसे, देवी 'येत' असत, आणि अनेकवचनात, मानाने येत असत. पटकी म्हणजे कॉलरा. तिची मरीआई झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोचला, तेव्हा त्याला देवता होण्याइतका वेळ मिळाला नाही, पण नाव त्यालाही थेट मिळालं नाही: 'गाठीचा ताप'. जे दिसतं तेवढंच सांगायचं, जे आहे ते नाही.

गंमत अशी की देवीचा नायनाट करणाऱ्या सरकारलाही हाच शब्द वापरावा लागला. १९७०च्या दशकात देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस जाहीर करणारे मजकूर भिंतींवर रंगवले गेले. १९७५मध्ये भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला, १९७७मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि १९८०मध्ये जग. देवीमुक्त! आपण देवीपासून मुक्त झालो, असं शासनाने अभिमानाने जाहीर केलं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. रूपक इतकं मुरलं होतं की ते रूपक आहे हेच कुणाला आठवत नव्हतं.

मरीआईची गोष्ट जरा वेगळी आहे आणि मला इथे ती जास्त महत्त्वाची वाटते. साथ आली की अनेक गावांत मरीआईचा गाडा काढत. नैवेद्य, लिंबं, हिरवं लुगडं, बांगड्या घातलेला गाडा वाजतगाजत ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि शीव ओलांडून सोडून यायचं. पुढे ती पलीकडच्या गावाची. ते गाव तो गाडा आणखी पुढे ढकलणार. म्हणजे भीती संपवायची नाही, तिला बाहेर काढायचं. त्या मरीआईची सेवा, तिचे पोतराज, बहुतेक करून महार-मांग समाजातले. म्हणजे ज्यांची वस्ती आधीच गावकुसाबाहेर होती, त्यांच्याकडेच बाहेर काढलेल्या भीतीची व्यवस्था सोपवलेली.

आता 'बाहेर' हा शब्द मराठीत कुठे कुठे आहे ते पाहा. झपाटलेल्याला 'बाहेरचं' झालेलं असतं. पाळी आलेली बाई 'बाहेर बसते'. दलित 'गावकुसाबाहेर' राहतात. तिन्ही ठिकाणी शब्द जागेचा आहे. पण तिन्ही ठिकाणी जागा सांगून आपण काय सांगतो? की यांना शिवू नका, आत घेऊ नका. एकच शब्द भुताला, बाईला आणि माणसाला पुरला.

आपली भुतंसुद्धा पत्त्यांसकट येतात. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ शिवेवर, पुरलेल्या धनावर समंध, रानात चकवा. घरात कुणीच नाही. प्रत्येकाच्या मागे काहीतरी अपुरं राहिलेलं आहे: मुंज झाली पण सोडमुंज राहिली, बाळंतपणातच जीव गेला, वारस नव्हता. समाजाने ज्यांचा हिशोब पुरा केला नाही ते सगळे उंबरठ्याच्या पलीकडे जमलेले, आणि अलीकडे आपण, दाराला लिंबू-मिरची लावून.

*

२००८ साली मी सातवीत होतो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचं. तिथून बाबांच्या कार्डावर मी पुस्तकं आणायचो आणि त्या वर्षी मला नारायण धारप सापडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

धारपांचा जन्म १९२५चा. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचं, आणि ते त्यांच्या वाक्यांत दिसतं. मराठीत भयकथा म्हटलं की पहिलं नाव त्यांचं येतं, पण त्यांच्या गद्यात अलंकार शोधायला गेलात तर हाताला फार काही लागत नाही. किल्ली कुठल्या खिशात होती, जिन्याला पायऱ्या किती, खोलीत दिवा कुठे, हे सगळं पंचनामा लिहावा तसं. 'आनंदमहल', '४४० चंदनवाडी' ही नावंसुद्धा पाटीवरून उचलल्यासारखी. त्यांचे 'समर्थ' अमानवी शक्तींशी लढतात तेही एखाद्या शास्त्रज्ञाच्या शिस्तीने, निरीक्षण करून, कारण शोधून.

मग भीती वाटते कुठे? मी बारा वर्षांचा असताना मला ते सांगता आलं नसतं. आता पुन्हा वाचताना वाटतं, ती सर्वनामात आहे. 'ते'. 'काहीतरी'. जिन्यावर काहीतरी होतं. ते थांबलं. ते वळलं. मराठीला नपुसंकलिंग आहे हे आपण शाळेत गुण मिळवण्यापुरतं शिकतो. हिंदीत ते उरलेलं नाही. तिथे जे काही येईल ते 'आया' किंवा 'आई', म्हणजे पुरुष नाहीतर बाई होऊनच येईल. मराठीत मात्र 'आलं' म्हणता येतं. आलेलं कोण आहे, बाई की बुवा, माणूस की आणखी काही, हे न ठरवता वाक्य पुरं होतं. 'भूत' नपुसंकलिंगी. 'बाहेरचं' नपुसंकलिंगी. धारपांनी भुताला सजवलं नाही. मराठी व्याकरणाने दारात एक फट ठेवलेली होती. ते त्या फटीपाशी दिवा घेऊन उभे राहिले.

त्यांनी बाहेरूनही पुष्कळ घेतलं. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची १९७५ची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'च्या मागे १९८६ची 'इट'. किंगच्या 'सेलम्स लॉट'मधल्या रक्तपिपासूंना युरोपातल्या जुन्या समजुतीचा नियम लागू आहे: घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय त्यांना उंबरठा ओलांडता येत नाही. हा नियम मराठी वाचकाला कुणी समजावून द्यावा लागला नसेल. उंबरठा म्हणजे काय, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला ओसरीवरूनच परत पाठवायचं, हे त्याला पाळण्यापासून माहीत.

धारपांची 'आजी' ही कथाही अशीच किंगच्या 'ग्रामा'वरून आलेली. किंगच्या कथेत एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत घरात एकटा राहतो, एवढंच सांगतो. धारपांची 'आजी' मी वाचली तेव्हा शेजारच्या खोलीत आजी घोरत होती. मधेच तिचं घोरणं थांबलं. मी पुस्तक मिटून आईजवळ जाऊन झोपलो. याच कथेचा धागा पुढे राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या 'तुंबाड'पर्यंत गेला; त्या सिनेमाने नाव मात्र श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'मधून घेतलं. अमेरिकेतल्या एका घरातली म्हातारी मराठी होऊन कोकणातल्या पावसात पोचली. भीतीला भाषांतर फार सोपं जातं, तिला पत्ता बदलून दिला की पुरतं.

धारपांच्या बरोबरीने दुसरं नाव रत्नाकर मतकरींचं. १९३८चा जन्म, १९७८पर्यंत बँकेत नोकरी, नाटक आणि कथा दोन्हींत तेवढाच जीव. २०२०च्या मे महिन्यात कोरोनाने गेले. त्यांनी 'गूढकथा' हा शब्द रूढ केला तो विचारपूर्वक. त्यांच्या पुस्तकांची नावं धारपांच्या शेजारी ठेवा: 'मध्यरात्रीचे पडघम', 'रंगांधळा', 'गहिरे पाणी'. इथे पाटी नाही, रूपक आहे. भीती जिन्यावर नाही, जिना चढणाऱ्याच्या डोक्यात आहे. बाहेरचं असं काही नसेलच, सगळं आतलंच असेल, ही शंका मतकरी वाचकाच्या मनात सोडून देतात. आणि जी. ए. कुलकर्ण्यांनी तर आपल्या एका संग्रहाचं नावच 'पिंगळावेळ' ठेवलं. पिंगळा ओरडतो ती वेळ, म्हणजे पुन्हा एका अशुभाची नुसती चाहूल, त्याचं नाव नाही.

हे सगळे लेखक मला आवडतात. पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. कॅमेरा नेहमी घरात आहे. दार आतून दिसतं. कडी आपल्या बाजूला आहे.

*

इंजिनिअरिंग संपल्यावर मला आणि माझ्या एका मित्राला पुण्यात जवळजवळ एकाच वेळी नोकरी लागली. आम्ही कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलेलो, म्हणून खोलीही एकत्र घ्यायचं ठरवलं. एका रविवारी एक फ्लॅट पाहिला. मालक काका सत्तरीचे, घरात पत्नी, मुलगा परदेशात. त्यांनी चहा दिला. माझं नाव विचारलं, मी नाव-आडनाव सांगितलं. मित्राने नाव आणि वडलांचं नाव सांगितलं.

"नाही, आडनाव?"

त्याने सांगितलं. काका "अच्छा अच्छा" म्हणाले. मग गाव कुठलं, विचारलं. मग म्हणाले, "आमच्या सौ.चं जरा सोवळ्याचं असतं. मुलाशी बोलून कळवतो."

आमच्या कामात एक ठरलेला संदेश असतो. ॲप बंद पडलं की पडद्यावर येतं: काहीतरी चुकलं आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. नेमकं काय चुकलं ते आतल्या नोंदीत ओळ क्रमांकासकट लिहिलेलं असतं, पण वापरणाऱ्याला ते दाखवायचं नसतं. 'मुलाशी बोलून कळवतो' हा तसाच संदेश होता. आतली नोंद आम्हा तिघांनाही वाचता येत होती.

संध्याकाळी काकांचा मला फोन आला. "तुम्ही एकटे राहणार असाल, किंवा आपल्यातलाच कुणी दुसरा मुलगा असेल, तर आमची हरकत नाही."

आपल्यातला. हाही पत्ताच आहे. 'बाहेर'च्या उलट दिशेचा.

मी "बघतो" म्हणालो. "काका, हे बरोबर नाही" असं म्हणालो नाही. फोन ठेवला आणि मित्राला सांगितलं, "त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली म्हणे." तो "बरं" म्हणाला. पुढच्या आठवड्यात आम्हाला दुसरीकडे जागा मिळाली. दोन वर्षं आम्ही तिथे छान राहिलो. तो विषय पुन्हा निघाला नाही.

*

२०२०च्या टाळेबंदीत मी नाशकात घरून काम करत होतो. तेव्हा बाबूराव बागूल वाचले. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३चा कथासंग्रह. शीर्षककथा मी एका बैठकीत वाचली आणि लॅपटॉप मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

आधी त्या शीर्षकाकडेच पाहावं. चोरणं हे क्रियापद मराठीत गमतीदार आहे. माणूस कामात अंग चोरतो, गर्दीत अंग चोरून उभा राहतो. दोन्हीकडे अंग त्याचंच असतं. जातही ज्याची त्यालाच जन्माने चिकटवलेली, मग तो ती चोरणार कुणाकडून? पण भाषा म्हणते, चोरली. जणू ती गावाची मालमत्ता होती आणि त्याने ती न सांगता खिशात घातली. लपवणारा घाबरलेला आहे, आणि भाषेने त्याला आधीच गुन्हेगार ठरवून टाकलंय. बागुलांनी हे रूपक तयार केलं नाही. बोलीतलं उचललं आणि सरळ दारावर लावलं.

कथेचा निवेदक रेल्वेतल्या नोकरीसाठी परक्या गावी गेलेला आहे. तिथले लोक त्याला वरच्या जातीचा समजतात आणि तो त्यांना तसं समजू देतो. एक सहकारी त्याच्यावर लोभ करू लागतो, त्याला घरी जेवायला नेतो. धारपांच्या वाचकाला हा प्रसंग ओळखीचा वाटायला हवा: बाहेरच्याला आतल्याने आपणहून उंबरठ्याच्या आत बोलावलंय. फक्त या वेळी आपण बाहेरच्याच्या डोळ्यांनी पाहतो आहोत, आणि जीव मुठीत धरून बसलाय तो पाहुणा. ताट समोर आहे, यजमानीण वाढते आहे, आणि कुठल्याही क्षणी कुणीतरी नाव घेईल. आजीच्या नियमाप्रमाणे नाव घेतलं की भूत येतं. इथे नाव घेतलं की येतात ती माणसं.

आणि इथे मला पुन्हा ते व्याकरण आठवतं. मराठीत एक माणूस 'तो' असतो. अनेक झाले की 'ती माणसं', नपुसंकलिंगी. माणूस आला, पण माणसं आली. कथेत जात उघडी पडते आणि माणसं निवेदकाला मारतात. जात न लपवता, सगळ्यांशी भांडत जगणारा एक कामगार त्याला सोडवतो. शेवटी निवेदक म्हणतो त्याचा आशय असा, की मारणारे हे नव्हतेच, मारलं ते मनूने. इतका वेळ साध्या, धावत्या गद्यात चाललेली कथा शेवटच्या क्षणी हे एवढं मोठं लाक्षणिक विधान करते. पण ते अलंकारासाठी नाही. मार खाल्लेला माणूस समोरच्या हातांच्या मागे कोण आहे त्याचं नाव घेतो. धारपांच्या नायकांना जे पुस्तकभर शोधावं लागतं, ते नाव.

भुताखेतांचा एक शब्दही न वापरता लिहिलेली ही मला माहीत असलेली सर्वांत भीतीदायक मराठी कथा आहे. बागुलांच्या भाषेत उपमा-रूपकं कमी नाहीत. ती तापलेली असतात, एकावर एक चढतात, आणि सफाईची सवय असलेल्या वाचकाला ती जास्त वाटू शकतात. १९६९च्या त्यांच्या संग्रहाचं नाव 'मरण स्वस्त होत आहे'. मरणाला बाजारभाव लावणारं ते रूपक कुठल्याही पिंगळ्यापेक्षा, पडघमापेक्षा अंगावर येतं, कारण त्यात काहीच धूसर नाही.

मग मी त्यांचं चरित्र शोधलं आणि आणखी एक धक्का बसला. बागूल माझ्याच गावचे. जन्म १७ जुलै १९३०, विहितगाव, नाशिकरोडच्या अलीकडे. लहानपणीच मुंबईला माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले. पुढे सुरतेत रेल्वेत नोकरीला असताना खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली, आणि ते सहन होईना म्हणून नोकरी सोडून ते परतले. खोली मिळावी म्हणून. शेवटची वर्षं नाशकात. २६ मार्च २००८ रोजी इथेच गेले. मी बाबांच्या कार्डावर धारप आणत होतो त्याच वर्षी, त्याच शहरात. शाळेत कुणी त्यांचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही.

जन्माचं सालही पाहा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक देवळाशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. सत्याग्रही चारही दारांशी बसून राहिले. एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी इथली आघाडी पुढची काही वर्षं लढवली, तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या दारांशी माणसं आत येऊ द्या म्हणून बसली होती, त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात तो लेखक जन्मला. मी त्या दारातून लहानपणापासून हजार वेळा आत-बाहेर केलंय. पूर्व दरवाजाच्या पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाल्लेत. आजीने मला या देवळाच्या खूप गोष्टी सांगितल्या. ही नाही.

ती नाव घेणं टाळत होती का? बहुधा तिला कुणी सांगितलीच नसेल. पण टाळण्याची सवय एकदा लागली की कशापुरती टाळायची याचा हिशोब राहत नाही. सापाचं नाव टाळणारी भाषा रोगाचं टाळते, मग भुताचं, मग शेजाऱ्याचं. नाव टाळलं की आपण सुरक्षित असतो असं वाटतं. असतोही. कडी आपल्या बाजूला असते.

*

'चांदोबा'त वेताळाच्या गोष्टी यायच्या. खांद्यावर प्रेत, मागे स्मशान, पण बारा वर्षांच्या मला त्यात कधी भीती वाटली नाही. विक्रम राजा शूर आहे हे ठरलेलंच होतं. आता वाटतं, त्यातली भीतीची खरी जागा मी चुकवलीच. वेताळाची अट काय असते? उत्तर माहीत असूनही गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. न येणाऱ्याला शिक्षा नाही. येत असून न बोलणाऱ्याला आहे.

गेल्या दिवाळीत मित्र नाशकात आला होता. नाशिकरोडहून आम्ही विहितगावच्या बाजूने पायी निघालो. मी त्याला बागुलांबद्दल सांगत होतो. तो हसला. त्याच्या घरी ते पुस्तक त्याच्या जन्माआधीपासून आहे. मग मी त्या फ्लॅटचं काढलं. म्हणालो, त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

"माहितीये," तो म्हणाला. "चार दिवसांनी तीच जाहिरात मला परत दिसली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तू बोलशील म्हणून वाट बघत होतो."

दोन वर्षं एका खोलीत. रोज रात्री दिवा कोण बंद करणार यावर भांडायचो आम्ही.

मी त्याला विचारलं, तेव्हा तुला भीती वाटली होती का, आडनाव सांगताना? तो जरा थांबला. म्हणाला, "सांगताना नाही रे. ते विचारणार हे कळतं ना आधी, तेव्हा. चहाचा कप खाली ठेवतात ना, तेव्हा."

हे वाक्य मी अजून कुठल्याही भयकथेत वाचलेलं नाही. त्यात उपमा नाही, अंधार नाही, जिन्यावर कुणी नाही. दुपार आहे, बैठकीची खोली आहे, आणि एक कप बशीवर टेकतो.

थोड्या वेळाने त्याची बस आली. "चल, येतो," तो म्हणाला आणि चढला.